आयएनएस कुर्सुरा : वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर उभी असलेली काळी पाणबुडी पाहून आलेले वाचक आम्हाला हमखास लिहितात. बहुतेकांचे प्रश्न सारखे असतात, काहींचे फार नेमके आणि अडचणीचे असतात. ते सगळे एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे गुंतागुंतीचे. एक मुद्दा दोनदा सांगायचा नाही म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुर्सुरा म्हणजे नेमकी कोणती पाणबुडी? थोडक्यात सांगा.

भारतीय नौदलाच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी ही चौथी. तिच्या आधी कलवरी (८ डिसेंबर १९६७), खांदेरी (डिसेंबर १९६८) आणि करंज (सप्टेंबर १९६९) दाखल झाल्या होत्या. कुर्सुरा १८ डिसेंबर १९६९ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. तिचा क्रमांक एस-२०, आणि पहिले कमांडर होते अरुण ऑडिटो. ३१ वर्षं सेवा करून २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून किनाऱ्यावर उभी आहे.

लांबी ९१.३ मीटर, रुंदी साडेसात मीटर. पृष्ठभागावर असताना वजन १,९५० टन, बुडी मारल्यावर २,४७५ टन. वेग पृष्ठभागावर १६ नॉट (म्हणजे ताशी १६ सागरी मैल), पाण्याखाली १५.

२. ती अणुपाणबुडी होती का?

नाही. कुर्सुरा डिझेल-इलेक्ट्रिक होती. भारताने चालवलेली पहिली अणुपाणबुडी म्हणजे सोव्हिएत संघाकडून भाडेतत्त्वावर आणलेली आयएनएस चक्र. ती १९८८ ते १९९१ या काळात आपल्याकडे होती. हा गोंधळ होतो कारण ‘रशियन पाणबुडी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अणुपाणबुडीच येते. कुर्सुरा ज्या वर्गातली आहे त्याचं सोव्हिएत नाव ‘प्रकल्प ६४१’ आणि नाटोने ठेवलेलं नाव ‘फॉक्सट्रॉट’. या वर्गाच्या एकूण आठ पाणबुड्या भारताने घेतल्या : आधी कलवरी वर्गाच्या चार, नंतर १९७३-७४ मध्ये वेला, वागीर, वागली आणि वागशीर.

३. ‘हल्लेखोर पाणबुडी’ आणि क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी यांत फरक काय?

हल्लेखोर पाणबुडीचं काम जहाजं आणि दुसऱ्या पाणबुड्या शोधणं, त्यांचा माग काढणं आणि आदेश मिळाला तर त्या बुडवणं. त्याबरोबर टेहळणी, सुरुंग पेरणं, शत्रूच्या बंदराबाहेर दबा धरून बसणं हेही येतं. अरिहंतसारखी क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी याच्या उलट वागते. तिला कोणाच्याही जवळ जायचं नसतं, लपून राहायचं असतं. कुर्सुरा पहिल्या प्रकारची.

४. भारताने पाणबुड्या सोव्हिएत संघाकडूनच का घेतल्या?

पहिला विचार ब्रिटनचा होता. आपलं नौदल ब्रिटिश वळणाचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपले काही अधिकारी आणि खलाशी पाणबुडीचं प्रशिक्षण घ्यायला ब्रिटनलाच गेले होते. पण पाणबुड्या परवडतील अशा अटींवर तिथून मिळेनात. दरम्यान १९६४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला ‘गाझी’ दिली. उपखंडातल्या कुठल्याही नौदलाकडे आलेली ती पहिली पाणबुडी. आता थांबून चालणार नव्हतं. सप्टेंबर १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी चार पाणबुड्यांचा करार झाला.

मग आपली माणसं व्लादिवोस्तोकला गेली. कडाक्याची थंडी, अनोळखी भाषा, आणि सगळं शिक्षण रशियनमध्ये. आधी भाषा शिकायची आणि मग त्याच भाषेत झडपा, पंप, बॅटऱ्या आणि टॉर्पेडो. भारतीय पाणबुडी दलाचा पाया या पिढीने घातला. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलं आहे, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

५. रीगाहून ती भारतात कशी आली?

स्वतःच्या बळावर, समुद्रमार्गे, आणि आफ्रिकेला वळसा घालून. सुएझ कालवा १९६७ च्या युद्धानंतर बंद पडला तो थेट १९७५ मध्ये उघडला. त्यामुळे १९७० मध्ये भारताकडे निघालेल्या कुर्सुरापुढे बाल्टिक, अटलांटिक, केप ऑफ गुड होप आणि हिंदी महासागर असा लांबचाच रस्ता होता. नव्या पाणबुडीवरच्या नव्या चमूला यापेक्षा कठोर सराव मिळाला नसता.

६. पाण्याखाली ती किती वेळ राहू शकत असे?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ‘इतके तास’ असं एका आकड्यात देता येत नाही.

डिझेल इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा नाही, म्हणून तिथे पाणबुडी बॅटरीवर चालते. कुर्सुराच्या वर्गात ४४८ मोठे शिसे-आम्ल सेल असतात, दोन दालनांच्या जमिनीखाली मांडलेले. ही बॅटरी किती पुरेल हे सर्वस्वी वेगावर ठरतं. पूर्ण वेगाने पळालात तर ती झपाट्याने उतरते. अगदी संथ, दोन-तीन नॉटच्या चालीने सरकत राहिलात तर काही दिवस पुरते. अशा चालीसाठी मधल्या शाफ्टवर एक वेगळी छोटी मोटरही असते. कमांडरच्या डोक्यात म्हणूनच सतत एक हिशेब चालू असतो : आता वेग वापरला तर नंतर निसटायला किती शिल्लक राहील?

बॅटरी भरायची तर इंजिन चालवावं लागतं. पूर्ण वर यायचं नसेल तर पेरिस्कोपच्या खोलीवर राहून स्नॉर्केल, म्हणजे हवा ओढणारी उंच नळी, पाण्याबाहेर काढायची. लाट नळीवरून गेली की तिच्या तोंडाची झडप आपोआप मिटते, पण इंजिनं चालूच असतात. मग ती पाणबुडीच्या आतलीच हवा ओढू लागतात. आतला दाब एकदम पडतो आणि सगळ्यांच्या कानांत दडे बसतात. झडप उघडली की दाब पुन्हा वर. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चालतं, आणि त्यातच कोणी झोपायचा प्रयत्न करत असतो, कोणी जेवत असतो.

स्नॉर्केल लावलेली पाणबुडी सर्वांत असुरक्षित. इंजिनांचा आवाज लांबवर जातो, त्याच आवाजात आपल्याला बाहेरचं नीट ऐकू येत नाही, आणि नळी रडारवर दिसू शकते. म्हणून हे काम शक्यतो रात्री उरकायचं.

७. किती खोल जायची?

या वर्गाची मर्यादा साधारण २५० ते ३०० मीटर. नेहमीचं काम त्याहून बरंच वर चालतं. दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे २०० मीटरवर पाणबुडीच्या कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ २० किलोंचा भार असतो.

८. शस्त्रं कोणती होती? क्षेपणास्त्रं होती का?

क्षेपणास्त्रं नव्हती. ५३३ मिलिमीटर व्यासाच्या दहा टॉर्पेडो नळ्या होत्या, सहा पुढे आणि चार मागे. एकूण २२ टॉर्पेडो मावत. टॉर्पेडोंऐवजी ४४ सुरुंग नेता येत. मागच्या बाजूला नळ्या कशासाठी, असं मुलं विचारतात. हल्ला करून वळताना, किंवा पाठलाग होत असताना, पाणबुडी न वळवता मागे मारा करता यावा म्हणून.

९. एवढ्याशा जागेत ७५ माणसं कशी राहायची?

आठ अधिकारी आणि ६७ खलाशी. पाणबुडीत सात दालनं. पुढून मागे : टॉर्पेडो, अधिकाऱ्यांची जागा आणि खाली बॅटरी, नियंत्रण कक्ष, खलाशांची जागा आणि पुन्हा बॅटरी, डिझेल इंजिनं, इलेक्ट्रिक मोटरी, आणि शेवटी मागचं टॉर्पेडो दालन. दोन दालनांमध्ये जाड पोलादी भिंत आणि तिच्यात एक गोल दार. त्यातून सरळ चालत जाता येत नाही. वरची दांडी दोन्ही हातांनी धरायची, पाय आधी पलीकडे टाकायचे आणि अंग मागून ओढून घ्यायचं. संग्रहालयात फिरताना लोक एका दारातून दुसऱ्यात जाईपर्यंत दमतात. चमूतली माणसं हे दिवसातून कितीदा तरी करत, धोक्याची घंटा वाजली तर धावतच.

सगळ्यांना पुरतील एवढ्या झोपण्याच्या जागा नसत. एक पहाऱ्यावर जाणार आणि दुसरा त्याच्याच गरम अंथरुणात शिरणार. पुढच्या दालनात तर टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायचं. गोडं पाणी मोजून मिळे, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. आंघोळ ही गस्तीवर जवळजवळ विसरायचीच गोष्ट. स्वयंपाकघर इतकं अरुंद की आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेर थांबावं, आणि त्यातून ७५ जणांचं सगळ्या वेळांचं खाणं बाहेर पडायचं. डिझेलचा वास कपड्यांत, केसांत, अन्नात भिनलेला. दिवस-रात्र कळायला खिडकी नाही.

उष्णतेचाही जाच होता. हा आराखडा मुळात उत्तरेकडच्या थंड समुद्रांसाठी केलेला. अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात, तीन मोठ्या डिझेल इंजिनांच्या मधल्या बोळात उभं राहून काम करणाऱ्या माणसाचे काय हाल होत असतील, ते त्या बोळात स्वतः उभं राहिल्यावरच उमगतं. इंजिनं थंड पडून कित्येक वर्षं झाली, तरीही तिथे जीव घाबरतो.

१०. पाणबुडीवर नेमणूक झाली की माणूस लगेच ‘पाणबुड्या’ होतो का?

नाही. आधी प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष पाणबुडीवर उमेदवारी. तिथे प्रत्येकाला, मग तो स्वयंपाकी असो की बिनतारी यंत्र चालवणारा, संपूर्ण पाणबुडीची माहिती करून घ्यावी लागते. कुठली नळी कुठून कुठे जाते, कुठली झडप काय बंद करते, अंधारात हात कुठे घालायचा. तोंडी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरच छातीवर डॉल्फिनचं चिन्ह लागतं. पाणी आत शिरलं तर जवळचा माणूस कोण असेल ते सांगता येत नाही, म्हणून कोणालाही ‘हे माझं खातं नाही’ म्हणायची मुभा नाही.

११. ‘गाझी’ कुर्सुरानेच बुडवली ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि त्याचं कारण जागा. गाझी ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. तिथल्याच किनाऱ्यावर ‘व्हिक्टरी ॲट सी’ हे युद्धस्मारक आहे आणि जवळच कुर्सुरा उभी आहे. लोक दोन्ही एकाच संध्याकाळी पाहतात आणि मनात कथा जोडली जाते.

भारतीय नौदलाच्या म्हणण्यानुसार विनाशिका आयएनएस राजपूतने टाकलेल्या पाणसुरुंगी बाँबमुळे, म्हणजे डेप्थ चार्जमुळे, गाझी नष्ट झाली. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार तिने स्वतः पेरलेल्या सुरुंगांमुळे किंवा आतल्या स्फोटामुळे ती बुडाली. यातलं काहीही मानलं तरी कुर्सुराचा त्यात संबंध नाही. त्या सुमारास ती देशाच्या दुसऱ्या बाजूला, अरबी समुद्राच्या मोहिमेवर होती.

१२. मग १९७१ मध्ये कुर्सुराने केलं तरी काय?

गस्त. आणि हे एका शब्दाचं उत्तर पुरेसं वाटत नसेल तर पुढचं वाचा.

पाणबुडी मंद असते. विमान काही मिनिटांत, क्षेपणास्त्र नौका एका रात्रीत लक्ष्यापर्यंत पोचते. पाणबुडीला मात्र युद्ध सुरू होण्याच्या आधीच आपल्या जागी जाऊन थांबावं लागतं. म्हणून कुर्सुरा नोव्हेंबर १९७१ मध्येच मुंबईहून निघून अरबी समुद्रातल्या नेमून दिलेल्या क्षेत्रात दाखल झाली. ३ डिसेंबरला युद्धाला तोंड फुटण्याआधीचे हे दिवस. पाकिस्तानी युद्धनौका दिसल्या तर बुडवायच्या, व्यापारी जहाजांवर फक्त ठरलेला सांकेतिक आदेश आला तरच हल्ला करायचा, आणि एरवी टेहळणी करायची, असं कामाचं स्वरूप होतं.

तिच्यावर दोन बंधनं होती. ठरवून दिलेले जहाजवाहतुकीचे मार्ग परवानगीशिवाय ओलांडायचे नाहीत. आणि लक्ष्याची खात्रीशीर ओळख पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. नोव्हेंबर अखेरीस समुद्रातच तिची करंजशी भेट झाली. आपल्याकडची माहिती करंजच्या हवाली करून डिसेंबरच्या सुरुवातीला ती मुंबईला परतली आणि पुढची गस्त करंजने सांभाळली. करंजचे कमांडर होते विजयसिंह शेखावत. त्यांना वीरचक्र मिळालं, आणि पुढे १९९३ ते १९९६ या काळात ते नौदलप्रमुख झाले. पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात खांदेरी होती.

१३. ‘ओळख पटल्याशिवाय हल्ला नाही’ म्हणजे पाणबुडीचे हात बांधणंच नाही का?

या प्रश्नावर आमच्या वाचकांत दोन तट आहेत. बंधनामुळे काम अवघड झालं हे खरंच. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकू येतो, जहाजाचा झेंडा ऐकू येत नाही. खात्री करायची तर जवळ जायला हवं आणि पेरिस्कोप वर काढायला हवा, म्हणजे स्वतः दिसण्याचा धोका पत्करायला हवा.

पण दुसरी बाजूही पाहा. अरबी समुद्र म्हणजे इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या तेलवाहू जहाजांची वर्दळीची वाट. तिथे एखादं तिऱ्हाईत देशाचं जहाज भारतीय टॉर्पेडोने बुडालं असतं तर ज्या मुत्सद्देगिरीवर ते युद्ध उभं होतं तीच ढासळली असती. शिवाय आपल्याच युद्धनौका त्या भागात फिरत होत्या. आमच्या मते बंधन योग्य होतं. ते कडक होतं म्हणून अयोग्य ठरत नाही.

आदेश बदलायचा तर तो पाण्याखालच्या पाणबुडीपर्यंत पोचवणंही सोपं नव्हतं. साधे रेडिओ संदेश खोल पाण्यात पोचत नाहीत, त्यासाठी ठरलेल्या वेळी वर येऊन अँटेना बाहेर काढावी लागे. पाण्यात काही मीटर शिरणाऱ्या अतिकमी वारंवारतेच्या लहरी पाठवणारं भारताचं केंद्र, तमिळनाडूतलं आयएनएस कट्टबोम्मन, १९९० मध्ये सुरू झालं. १९७१ मध्ये तसं काही हाताशी नव्हतं.

१४. ‘खुकरी’ बुडाली तेव्हा आपल्या पाणबुड्या काय करत होत्या?

आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. या प्रश्नामागचं दुःख आम्हाला कळतं, पण त्यामागे एक गृहीतक आहे : एका पाणबुडीला दुसरी पाणबुडी रोखता आली असती. त्या काळच्या पाणबुड्यांना पाण्याखालची बॅटरीवर शांत सरकणारी दुसरी पाणबुडी सापडणं जवळपास अशक्य होतं. पाणबुडीविरोधी लढाई ही मुख्यतः फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकांची आणि विमानांची जबाबदारी होती. खुकरी स्वतः त्याच कामावर निघाली होती. आपल्या पाणबुड्यांची गस्त हे वेगळं काम, ते प्रश्न १२ मध्ये आलं आहे.

१५. कुर्सुराने एकही जहाज बुडवलं नाही. मग तिचं संग्रहालय कशाला?

कारण पाणबुडीचं काम बुडवलेल्या जहाजांच्या आकड्यात मोजायचं नसतं. समोरच्या नौदलाला आपल्या पाणबुड्या कुठे आहेत हे माहीत नसलं की त्याचं प्रत्येक जहाज बंदर सोडताना बिचकतं, सोबत संरक्षक नौका घेतं, वाकडा मार्ग धरतं. हे सगळं एकही टॉर्पेडो न सोडता घडतं.

आणि युद्धाचे दिवस मोजकेच, बाकीची वर्षं सरावाची. आपल्या युद्धनौकांना आणि विमानांना पाणबुडी शोधायला शिकवायचं तर शोधायला खरीखुरी पाणबुडी हवी. कुर्सुरासारख्या पाणबुड्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं, शेकडो अधिकारी आणि खलाशी त्यांच्यावर घडले. खुकरी का गेली याचा धडा नौदल ज्या सरावांतून शिकलं, त्यात पाण्याखालची बाजू याच पाणबुड्या सांभाळत होत्या. कोणाला हे पराक्रम वाटत नसेल. आम्हाला वाटतो.

१६. मध्यंतरी तिचे सुटे भाग काढून दुसऱ्या पाणबुड्यांना लावले होते, हे खरं?

हो. सत्तरच्या दशकात सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते आणि मोठ्या दुरुस्तीची सोय देशात नीट उभी राहिली नव्हती. तेव्हा कुर्सुरा थांबवून ठेवली गेली आणि तिचे भाग काढून भगिनी पाणबुड्या चालत्या ठेवल्या गेल्या. मोठ्या दुरुस्तीनंतर ऐंशीच्या दशकात ती पुन्हा समुद्रावर गेली.

यात लाजिरवाणं काही नाही. परदेशी बनावटीच्या यंत्रांवर उभ्या असलेल्या प्रत्येक नौदलाला हा अनुभव येतो. एक पाणबुडी धक्क्यावर ठेवून दोन चालू राहत असतील तर ते शहाणपणच आहे. मात्र ‘३१ वर्षं सेवा’ म्हणजे ३१ वर्षं अखंड समुद्रात, असं कोणी समजू नये.

१७. सगळ्या सेवेत कुर्सुराने कापलेलं अंतर एकूण ७३,५०० सागरी मैल. हे कमी नाही का?

व्यापारी जहाजाशी तुलना केली तर कमी वाटेल. पृथ्वीचा घेर २१,६०० सागरी मैल, म्हणजे साधारण साडेतीन फेऱ्या. पण गस्तीवरची पाणबुडी अंतर कापायला गेलेली नसते. ती दोन-तीन नॉटच्या चालीने एकाच चौकोनात दिवसेंदिवस घुटमळते (प्रश्न ६). त्यात बंद राहिलेली वर्षंही धरा (प्रश्न १६).

१८. अपघात झाला तर बाहेर कसं पडायचं?

दोन रस्ते. वरची झाकणं, किंवा टॉर्पेडोची नळी. होय, ५३ सेंटिमीटर व्यासाची नळी. श्वसनयंत्र लावून माणसांनी तिच्यात एकामागोमाग सरपटत शिरायचं, मागचं दार बंद, नळीत पाणी भरून बाहेरच्या दाबाशी बरोबरी करायची, मग पुढचं दार उघडायचं आणि बाहेर पडून हळूहळू वर यायचं. पाणबुडीच्या प्रशिक्षणात याचा सराव असतो. अर्थात हा मार्ग फक्त उथळ पाण्यात उपयोगाचा.

त्याआधीचा उपाय म्हणजे दालनाची दारं. पाणी शिरलेलं दालन बंद करून बाकीची वाचवायची. कधी कधी आत माणसं असताना दार लावावं लागतं, आणि ही गोष्ट पाणबुडीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून माहीत असते.

१९. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेल्या पेचप्रसंगात अणुयुद्ध टाळणारी पाणबुडी हीच का?

ही नव्हे, पण याच वर्गातली. ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत संघाने चार फॉक्सट्रॉट क्युबाकडे पाठवल्या. प्रत्येकीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. २७ ऑक्टोबरला अमेरिकी नौकांनी त्यांतल्या बी-५९ ला घेरून सरावाचे छोटे बाँब टाकले. आत असह्य उष्मा, बॅटरी उतरलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. संतापलेल्या कॅप्टनने तो टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं आणि वासिली अर्खिपोव या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं, असं त्या मोहिमेवरच्यांनी पुढे सांगितलं. कुर्सुराच्या नियंत्रण कक्षात उभे राहिलात तर हा प्रसंग कसल्या जागेत घडला ते डोळ्यांसमोर येतं. आराखडा तोच आहे. भारतीय फॉक्सट्रॉटवर मात्र अण्वस्त्रधारी टॉर्पेडो नव्हते.

२०. एवढी मोठी पाणबुडी वाळूवर आणली कशी?

निवृत्तीनंतर तिला भंगारात न काढता जतन करायची कल्पना नौदलाच्या पूर्व विभागाने मांडली. किनाऱ्यापर्यंत पाण्यातून आणून पुढे सुमारे ६०० मीटर वाळूवरून तिला ओढत नेऊन काँक्रीटच्या पायावर बसवलं. या सगळ्याला साडेपाच कोटींच्या आसपास खर्च आला. ९ ऑगस्ट २००२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं आणि त्याच महिन्यात ती लोकांसाठी खुली झाली.

समुद्राची खारी हवा पोलादाला खाते. पाण्यात असताना जेवढी निगा लागायची, जवळजवळ तेवढीच जमिनीवरही लागते. गंजलेले पत्रे बदलणं, रंग देणं हे चालूच असतं.

२१. आतलं सगळं मूळचं आहे की नंतर मांडलेलं?

बहुतांश मूळचं. इंजिनं, नळ्या, झडपा, पेरिस्कोप, बिछाने सगळं जागच्या जागी आहे. चमूचे पुतळे आणि दिवे नंतरचे. आणखी एक सोय केलेली आहे : लोकांना सहज चढता-उतरता यावं म्हणून बाजूने दारं कापून जिने लावले आहेत. खऱ्या पाणबुडीत वरच्या झाकणातून उभ्या शिडीने उतरावं लागे. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली मंडळी असतात. त्यांना प्रश्न विचारा, घाई करू नका. पाट्यांवर नाही ते त्यांच्याकडे आहे.

निवृत्त होऊनही सणाच्या प्रसंगी सेवेतल्या जहाजांसारखी पताकांनी सजण्याचा मान तिला मिळतो.

२२. वृद्ध माणसं आणि लहान मुलांना आत नेता येईल का?

मुलांना अवश्य न्या. ज्यांना वाकायला त्रास होतो किंवा बंद जागेत गुदमरतं त्यांनी आधी विचार करावा, कारण मधली दारं अरुंद आहेत (प्रश्न ९) आणि मागे रांग असल्यामुळे मध्येच परतणं जमत नाही. सोमवारी संग्रहालय सहसा बंद असतं. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ या विमानाचं संग्रहालय आहे. ते विमान पाणबुड्या शोधणारं. शिकार आणि शिकारी दोन्ही एकाच फेरीत पाहायला मिळतात, म्हणून दोन्ही पाहाच.

२३. नव्या पाणबुड्यांना कलवरी, खांदेरी, करंज ही जुनी नावं दिली. कुर्सुरा का नाही?

नौदलात जहाज निवृत्त होतं, नाव राहतं आणि पुढच्या जहाजाला मिळतं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्यावर बांधलेल्या सहा पाणबुड्या म्हणजे कलवरी (२०१७), खांदेरी (२०१९), करंज आणि वेला (२०२१), वागीर (२०२३) आणि वागशीर (२०२५). जुनी नावं आठ होती, पाणबुड्या सहा. कुर्सुरा आणि वागली राहिल्या. अलिबागसमोरच्या किल्ल्याचं नाव खांदेरीच्या रूपाने पुन्हा समुद्रावर गेलं याचा आपल्याला विशेष आनंद आहे. पुढे पाणबुड्यांची नवी मालिका आली की कुर्सुराचाही विचार व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

२४. माझे आजोबा साठ-सत्तरच्या दशकात पाणबुडीवर होते. ते कुर्सुरावर होते का, हे कसं कळेल?

घरातल्या कागदांपासून सुरुवात करा. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवेचं प्रमाणपत्र, पेन्शनचे कागद, जुनी ओळखपत्रं. खलाशी असतील तर त्यांचा सेवाक्रमांक सर्वांत महत्त्वाचा. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या कमोडोर, ब्यूरो ऑफ सेलर्स या कार्यालयाकडे असतात. अधिकाऱ्यांच्या नोंदी नौदल मुख्यालयाकडे. वारस म्हणून नात्याचा पुरावा जोडून लेखी अर्ज करा आणि अर्जात सेवाक्रमांक, पूर्ण नाव, भरती आणि निवृत्तीची वर्षं लिहा.

जुन्या फोटोवरून पाणबुडी ओळखायची असेल तर शिडाच्या आकाराच्या उंच मनोऱ्यावरचा क्रमांक पाहा. कुर्सुरा एस-२०, करंज एस-२१, खांदेरी एस-२२, कलवरी एस-२३. इथे एक फसगत होते : नव्या कलवरीला एस-२१ आणि नव्या करंजला एस-२३ हे क्रमांक आहेत, म्हणजे दोघींची अदलाबदल झाली आहे. खांदेरीचा तेवढा तोच राहिला. फोटो कोणत्या काळातला आहे ते ठरवूनच क्रमांक जुळवा. आणि आजोबा अजून असतील, तर अर्ज नंतर करा. आधी त्यांच्याशेजारी बसा, कोणत्या दालनात काम होतं ते विचारा, आणि ते सांगतील ते लिहून घ्या.